ठिपक्याच्या उलट

ठिपका डावीकडे उजळला आणि मी डावीकडे बघितलं. मग उजवीकडे उजळला, मी उजवीकडे बघितलं. हनुवटी प्लास्टिकच्या वाटीत, कपाळ पट्टीला टेकलेलं, समोर काळा पडदा, आणि माझ्यामागे अंधारात मशीन चालवणारा गृहस्थ, ज्याच्या खुर्चीचं एक चाक सारखं करकरत होतं. पडद्याच्या मधल्या खुणेवर नजर ठेवायची आणि कडेला ठिपका दिसला की बरोबर त्याच्या उलट्या बाजूला बघायचं, हे त्यानं मला आधी समजावून सांगितलं होतं. मी मान डोलवली होती. न कळण्यासारखं त्यात होतं काय? एवढ्यासाठी दोन दारं, तीन खुर्च्या आणि एक थंडगार खोली, याचंच मला हसू आलं होतं. बाहेर आले ती मैदान मारल्यासारखी. लेक बाकावर बसली होती, तिनं विचारलं, "कशी झाली?" मी म्हटलं, "पोरखेळ आहे. तूही दिली असतीस." मग डॉक्टरीणबाईंनी आत बोलावलं आणि त्यांच्या पडद्यावर माझ्या नजरेची वाकडीतिकडी रेघ दाखवली. ठिपका जिथे जिथे, तिथे तिथे माझी रेघ. शेपटासारखी त्याच्या मागे. "चूक सगळ्यांचीच होते अधूनमधून," त्या म्हणाल्या, "पण बहुतेकांची नजर लगेच माघारी वळते, कारण चुकल्याचं त्यांना कळतं. तुमची वळली नाही. तुम्हाला जाणवत होतं का, चुकतंय ते?" मला जाणवलं नव्हतं. मला वाटत होतं मी उलटंच बघतेय. आणि मी तोंडानं काय म्हटलं, तर, "तुमच्या मशीनचं तेल संपलंय, खुर्ची बघा कशी वाजते ती."

त्यांनी ते हसण्यावारी नेलं आणि लेकीकडे वळून विचारलं, "घरी त्यांचं कसं असतं? वस्तू ठेवून विसरतात का?" मी म्हटलं, "त्यांचं म्हणजे माझं ना? मी इथेच आहे. मला विचारा." लेकीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी तो उचलून तिच्याच मांडीवर ठेवला. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, म्हणजे पुढे मला तसं म्हणावंच लागलं; पण त्या दिवशी मला त्यांचा चष्मासुद्धा आवडला नाही. विस्मरणाचा आजार अंगात यायला लागतो तेव्हा आठवण जायच्या आधीच कधीकधी नजरेचा लगाम सैल होतो, असं त्या सांगत होत्या. या एकट्या तपासणीवरून काहीच ठरवता येत नाही, आणखी तपासण्या करू, काही महिन्यांनी ही पुन्हा करू. तोवर गाडी चालवू नका. "बरं," मी म्हटलं. लेकीनं सुस्कारा टाकला. तिला वाटलं, आईनं ऐकलं.

आता हे कोणाला सांगतायत, तेही ऐका. मी गाडी शिकवते. उभा जन्म त्यात गेला. या शहरात रस्त्यावर जी माणसं गाडी नीट चालवताना दिसतात त्यांतली बरीच माझी आहेत, आणि जी वाईट चालवतात ती दुसऱ्या शाळेतली. माझी शाळा म्हणजे एक खोली, एक पाटी आणि एक बुटकी पांढरी गाडी, जिला दोन्ही बाजूंना ब्रेक आहेत, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि एक माझ्या. माझी पद्धत अशी की पहिले काही दिवस मी किल्लीच देत नाही. बंद गाडीत बसवते आणि नुसतं बघायला शिकवते. आरसा, रस्ता, कड, आरसा. माणसं चिडतात, पैसे कशाचे घेता म्हणतात, पण मी बधत नाही. मला ज्या म्हातारबांनी शिकवलं, ज्यांना आम्ही सगळे वस्ताद म्हणायचो, त्यांचा एकच मंत्र होता: डोळा आधी, पाय मग, तोंड सगळ्यात शेवटी. कडेला काही हललं की आधी तिकडे बघायचं, विचार करायला नंतर वेळ मिळतो. नाही मिळाला तर निदान ब्रेक तरी लागलेला असतो. चेंडू आला, कुत्रं आलं, दार उघडलं, म्हातारा पायरीवरून उतरला, नजर गेलीच पाहिजे. ती आपोआप जायला लागावी म्हणून मी लोकांच्या मागे हात धुऊन लागते. आणि एक बाई मला अंधाऱ्या खोलीत बसवून सांगते की कडेला जे उजळेल त्याच्याकडे बघू नका, आणि बघितलंत तर तुमच्या डोक्यात बिघाड आहे. वा रे न्याय. हे मी त्या दिवशी टॅक्सीत लेकीला घर येईपर्यंत ऐकवलं. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आई, मशीनचं जाऊ दे. त्या सिग्नलचं काय?"

सिग्नलचं हे असं झालं होतं. मी चालवत होते, लेक मागे बसली होती, कारण पुढच्या सीटवर तिच्या पिशव्या होत्या. रोजचा चौक, कोपऱ्यावर दातांचा दवाखाना, समोर काचेची बँक. दिवा हिरवा झाला. मला तो दिसला, छान हिरवा, आणि मी त्याच्याकडे बघत राहिले. विसरले असं म्हणता यायचं नाही. मला रस्ता ठाऊक होता, घर ठाऊक होतं, लेकीचं नाव, तिचा वाढदिवस, तिला न आवडणारी माझी प्रत्येक सवय. फक्त हिरव्याचं पुढे काय करतात ते तेवढ्यापुरतं माझ्यापाशी नव्हतं. मागच्या गाड्या वाजायला लागल्या आणि मला वाटलं, कोणाला एवढी घाई झालीय, बघू तरी. "आई, हिरवा!" ती ओरडली तेव्हा पाय आपला आपण हलला. पुढे मी नेहमीसारखी चालवली, वळणावर एका रिक्षावाल्याला अक्कलही शिकवली. पण त्या दोन श्वासांत जिथे मी होते ती जागा अजून लक्षात आहे. तिथे भीती नव्हती. तिथे अगदी बरं वाटत होतं, आणि त्याचीच आता भीती वाटते.

कारण आईचं मी बघितलं आहे. माझ्या आईला शेवटी शेवटी एक खुर्ची होती, खिडकीपाशी. माणसं भेटायला यायची, तिच्यासमोर बसायची आणि तिच्याबद्दल आमच्याशी बोलायची. जेवते का, ओळखते का, रात्री उठते का. ती एकेकाच्या तोंडाकडे टक लावून बघायची आणि ती माणसं नजर चुकवायची, भिंतीकडे, घड्याळाकडे, कपातल्या चहाकडे. जितकी ती बघायची तितकी ही उलट्या बाजूला. मी तिच्यासमोर स्टूल घेऊन बसायचे आणि म्हणायचे, मी बघतेय गं, बोल. कधी बोलायची, कधी नाही. एकदा म्हणाली, "ही सगळी कुठे बघतात?" मी रागावले, तिच्यावर नाही, बाहेर पायताणं घालणाऱ्या मामांवर. आमचे मामा अजून ते विसरलेले नाहीत. तेव्हा ठरवून टाकलं होतं की माझ्याबद्दल माझ्यासमोर कोणी असं बोलेल तर मी त्याला ब्रेक मारीन.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. आमचे हे शाळेत भूगोल शिकवायचे, जगातल्या नद्या तोंडपाठ आणि आयुष्यात गाडीच्या चाकाला हात लावला नाही. म्हणतात, एका घरात एक चालक पुरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "मग आता काय करणार आहेस?" मी म्हटलं, "सराव." "कसला?" "उलट बघण्याचा. जगात असं काही नाही जे सरावानं येत नाही. मी ज्यांना गाडी शिकवली त्यांतल्या काहींना धड चालतासुद्धा येत नव्हतं." ते हसले. "सुंभ जळेल पण तुझा पीळ काही जायचा नाही." मग दोन चमचे घेऊन ते माझ्यासमोर बसले. त्यांच्या नाकाकडे बघायचं, आणि ज्या हातातला चमचा वर येईल त्याच्या उलट नजर न्यायची. पहिल्या दिवशी मी प्रत्येक चमच्याकडे बघितलं. "चमचा," ते म्हणायचे. "कळलं," मी म्हणायचे. "चमचा." "अहो कळलं म्हटलं ना." मग दमून हात खाली ठेवून म्हणाले, "इतकी वर्षं मी काही दाखवायला गेलो तर तू मान वर केली नाहीस, आणि आज नको म्हणतोय तर एकसारखी बघतेस." मी म्हटलं, "चमचे धरा वर."

पण आलं. का येणार नाही? रोज चहा झाला की चमचे. आधी नजर चमच्याकडे जाऊन परत यायची. तेवढ्यानंसुद्धा मला केवढा आनंद झाला, कारण चुकल्याचं निदान कळत तरी होतं. मग ती अर्ध्यात थांबायला लागली. मग एक दिवस डावा चमचा उडाला आणि माझे डोळे सरळ उजवीकडे, भिंतीवरच्या कॅलेंडरावर. मी टाळी वाजवली. ह्यांनी वाजवली नाही, ते माझ्याकडे बघत होते, काहीतरी मोजत असल्यासारखे. मी म्हटलं, "काय झालं?" "काही नाही. चांगलं जमलं." पुढे तर मी चालताना, भाजी चिरताना, पायऱ्या चढताना करायला लागले. पाखरू डावीकडे उडालं, मी उजवीकडे. दाराची घंटा इकडे, मी तिकडे. कामात बाधा यायची थोडी, पण डॉक्टरीणबाईंचा पडदा डोळ्यांसमोर यायचा आणि त्यावर माझी सरळसोट, शहाणी, आज्ञाधारक रेघ. लेकीला मी फोनवर सांगितलं, "बघच आता." ती म्हणाली, "तू शिकवायला जात नाहीस ना?" मी म्हटलं, "डॉक्टर म्हणाल्या चालवू नका. चालवतो शिकणारा. मी नुसती बसते." "आई, हे शब्दात पकडणं झालं." "मग पकड," मी म्हटलं आणि फोन ठेवला. तिचं-माझं हे जुनं आहे. तिला गाडी शिकायची होती तेव्हा दोन धड्यांनंतर ती उतरून गेली आणि दुसऱ्या शाळेत शिकली. दुसऱ्या शाळेत, माझी मुलगी. त्या शाळेची पाटी दिसली की माझ्या डोक्यात अजून तिडीक जाते.

तेव्हा माझ्याकडे एक नर्सबाई शिकत होत्या. पन्नाशीच्या, जाड, गंभीर, हात घट्ट. सुया टोचताना कापत नाहीत म्हणाल्या, पण चाक धरलं की कापतात. बंद गाडीतला धडा त्यांनी इतक्या निमूटपणे केला की मलाच संशय आला. त्या दिवशी आम्ही बाजाराच्या मागच्या रस्त्यानं चाललो होतो, सावकाश, दुसऱ्या गिअरवर. एका बाजूला गोदामांची बंद दारं, दुसऱ्या बाजूला उभी वाहनं. ऊन होतं, त्यांच्या गणवेशाला जंतुनाशकाचा वास होता, आणि मला बरं वाटत होतं, अगदी माझ्या जागेवर बसल्यासारखं. डाव्या कडेला काहीतरी हललं. हललं एवढं मला कळलं. आणि माझे डोळे उजवीकडे गेले. स्वच्छ, बरोबर, चमच्याला जायचे तसे, एका निळ्या दारावर, दाराच्या कडीवर, कडीला बांधलेल्या चिंधीवर. मी ती चिंधी बघत होते. गाडी गचकन थांबली आणि माझं डोकं पुढे गेलं. माझा पाय ब्रेकवर नव्हता. समोर, बंपरला चिकटून, एक माणूस सायकलीवरून उतरून उभा होता, कॅरिअरला बांधलेला आरसा सांभाळत. त्यानं आम्हाला एक शिवी घातली, आरसा तपासला आणि गेला. नर्सबाईंनी गिअर काढला, हातब्रेक ओढला, जसं शिकवलंय तसं. मग म्हणाल्या, "बाई, तुम्ही बघितलंच नाहीत." मी म्हटलं, "नाही." त्या वाट बघत राहिल्या. रुग्णाच्या तोंडून स्वतःहून काही यायची वाट बघतात तशी. "तुम्ही बघितलंत," मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुम्हीच सांगता ना, हललं की बघायचं."

गाडी त्यांनीच शाळेपाशी आणली. मी गाडीतच बसून राहिले, शिकवणाऱ्याच्या सीटवर, पायाखाली तो ब्रेक. मला राग आला होता, आणि तो कोणावर काढावा हे ठरत नव्हतं. आजारानं माझं काय नेलं असेल ते असेल, थोडंफार, सिग्नलवर दोन श्वास. पण हे त्यानं नेलेलं नव्हतं. वस्तादांनी दिलेलं, मी जन्मभर लोकांना वाटलेलं, ते मी माझ्या हातानं, रोज चहानंतर, चमच्यानं खरवडून काढलं होतं. कशासाठी, तर एका पडद्यावर माझी रेघ सरळ दिसावी. जे येतंय त्याच्याकडे बघायचं नाही, हे मला आता उत्तम यायला लागलं होतं. मामांनाही यायचं. घरी गेल्यावर ह्यांनी चमचे आणले तेव्हा मी ते घेतले आणि डब्यात टाकले. "बंद," मी म्हटलं, आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "मला त्या दिवशीच वाटलं होतं. तू माझ्याकडे बघेनाशी झाली होतीस." आणि हा माणूस, जो नद्यांखेरीज कशाबद्दल हळवा होत नाही, तो माझ्यासमोर बसून रडला. मी त्यांच्याकडे बघितलं. नजर त्यांच्याकडे वळवावी लागत होती आधी, मग नाही.

त्यानंतर मी चाकाला हात लावला नाही आणि ब्रेकवर पाय ठेवला नाही. नर्सबाईंना म्हटलं, बंद गाडीतलं हवं तर सांगते, पुढचं दुसऱ्याकडे शिका. त्या म्हणाल्या, बंद गाडीतलंच सांगा. पुन्हा तपासणीचा दिवस आला तेव्हा लेक सोबत आली, बुटकी पांढरी गाडी घेऊन, कारण तिची दुरुस्तीला होती. मी तिच्याशेजारी न बसता मागे बसले आणि बोलले नाही, याचंच तिला जास्त टेन्शन आलं. खोली तीच, वाटी तीच, चाक अजून करकरत होतं. मशीनवाला म्हणाला, "आजी, आठवतंय ना? ठिपक्याच्या उलट." मी म्हटलं, "आजी तुमच्या घरच्या. मला बाई म्हणायचं. आणि आठवतंय." दिवा गेला. मधली खूण आली. डावीकडे ठिपका उजळला आणि मी त्याच्याकडे बघितलं. पूर्ण, नीट, तो विझेपर्यंत. उजवीकडे आला, तिकडे. मशीनवाला खाकरला. "बाई, उलट." "ऐकलं." पुढचा आला, मी बघितलं. इतके सुंदर होते ते, मागच्या वेळी लक्षातच आलं नव्हतं, बारीक, पांढरे, कडेला किंचित निळे. एकही सोडला नाही.

डॉक्टरीणबाईंनी रेघ बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या लेकीकडे वळणार तेवढ्यात मी म्हटलं, "इकडे. मला उलट बघता येतं. शिकून आले होते. पेन धरा." त्यांनी गोंधळून पेन वर धरलं, डावीकडे, उजवीकडे, आणि मी प्रत्येक वेळी उलट बघितलं, एकदाही न चुकता. लेकीचं तोंड उघडं राहिलं. "मग आत का नाही केलंत?" त्यांनी विचारलं. तेव्हा मी चमच्यांचं सांगितलं, निळ्या दाराचं आणि आरसा नेणाऱ्या माणसाचं सांगितलं. लेक मध्ये काही बोलणार होती, मी हात वर केला. "तुमच्या रेघेत माझा सराव सापडला असता, मी सापडले नसते," मी म्हटलं. "मला काय होतंय ते मला बघायचंय. सगळ्यात आधी मला. बाकीच्या तपासण्यांचे निकाल तुमच्याकडे आलेत. आता सांगा, पण माझ्याकडे बघून सांगा." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय त्या बऱ्याच लहान दिसत होत्या. आणि त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं. बराच वेळ लागला सांगायला. एकदा त्यांची नजर कागदाकडे घसरली, मी नुसतं खाकरले, ती परत आली. सुरुवात आहे, असं त्या म्हणाल्या. औषधं आहेत, बरं करणारी नाहीत, सावकाश करणारी असतील कदाचित. किती सावकाश ते कोणी सांगू शकत नाही. "दुसऱ्या गिअरवर," मी म्हटलं. त्यांना कळलं नाही, लेकीला कळलं.

बाहेर आलो तेव्हा लेक गाडीपाशी उभी राहून किल्ली शोधायला लागली, जी तिच्या हातातच होती. रडत होती. म्हणाली, "आई, आता शाळा..." मी म्हटलं, "शाळेची पाटी उतरवायची झाली तर मी उतरवीन, माझ्या हातानं, माझ्या दिवशी. तोवर बंद गाडीतला धडा चालू राहील. बंद गाडीत बसून बघायला शिकवण्यात कोणाच्या जिवाला धोका आहे? आणि तुझा तो धडा राहिलाय, दुसऱ्या शाळेत शिकवत नाहीत तो." तिला हसू आलं, नाकातून. "आणि माझ्याबद्दल कोणी तुला विचारलं, की ती कशी आहे, तर म्हणायचं, तिलाच विचारा. मी उत्तर देऊ शकेन की नाही ते नंतरचं. विचारायचं मला." "बरं," ती म्हणाली. "बरं असं नाही. कबूल म्हण." "कबूल."

ती चाकामागे बसली. मी तिच्याशेजारी बसले, माझ्या सीटवर, आणि पायाखाली तो ब्रेक आला. पाय आपणहून तिकडे गेले. मी ते उचलून सीटखाली ओढून घेतले, दोन्ही, आणि घोट्यात गुंतवून ठेवले. तिनं गाडी काढली, फाटकाशी थांबली, आरसा, रस्ता, कड, आरसा. कोणी शिकवलं हिला? रस्ता भरलेला होता, दुपारचा, पाण्याचे टँकर, शाळेतून येणाऱ्या आया, हातगाड्या. मी पुढे झुकून बसले. दोन वाहनांच्या फटीतून काहीतरी पुढे सरकलं.

"डावीकडे सायकल," मी म्हटलं.

"दिसली, आई," ती म्हणाली आणि ब्रेक दाबला.

"मलाही," मी म्हटलं.